सुकेळी ऑनलाइन विकायला गेलो, तेव्हा काय चुकलं



आज फवारणी किंवा खताचा सल्ला नाही. गेल्या हंगामात आपण सुकेळी ऑनलाइन विक्रीला ठेवली. फोटो, लेबल आणि माहिती तयार करायला मुंबईतल्या एका डिझाइन एजन्सीला काम दिलं, आणि ते फसलं. सभेत बऱ्याच जणांनी विचारलं, "पैसे गेले कुठे?" विचारायचा तुमचा हक्कच आहे. काम माझ्याकडे होतं, म्हणून उत्तरही मीच देते.

*काय ठरलं होतं*

आगाशीकडची सुकेळी आधीपासून नावाजलेली. राजेळी केळं पिकवायचं, सोलायचं, कडक उन्हात वाळवायचं, मधासारखा रंग आला की केळीच्या वाळल्या पानात बांधायचं. वरून साखर नाही, तेल नाही. तुम्हाला हे मी काय सांगणार, तुमच्याच घरच्या आज्यांनी मला शिकवलंय. पण पुण्या-नागपूरच्या गिऱ्हाईकाला यातलं काही माहीत नसतं. त्याला ते फोटोतून आणि चार ओळींतून कळायला हवं, एवढंच काम होतं.

एजन्सीने १५ दिवसांत सगळं देतो म्हणून सांगितलं. अर्धी रक्कम आगाऊ घेतली. बोलणं सगळं फोनवर झालं, कागद काहीच नाही.

*काय झालं*

वसईत कुणी आलंच नाही. आम्ही कुरिअरने दोन पाकिटं पाठवली. फोटो आले तेव्हा मागे बाजारातली लांब पिवळी केळी ठेवलेली, राजेळी नव्हेच. सुकेळ्यांचा रंग कॉम्प्युटरवर उजळून पिवळाधमक केलेला. खाली लिहिलेलं, "कुरकुरीत". सुकेळं कधी कुरकुरीत असतं का हो? मी हरकत घेतली तर उत्तर मिळालं, "मॅडम, ऑनलाइन असंच चालतं."

मुख्य फोटोवर मोठी अक्षरं टाकली होती, म्हणून साइटने तो परत पाठवला. त्यात एक आठवडा गेला. दुरुस्त फोटो आला तेव्हा मी एका वाडीत करपा बघत उभी होते. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर बघितलं आणि "ओके" पाठवून दिलं. ती माझी चूक.

मग तक्रारी सुरू झाल्या. "फोटोत पिवळं, पाकिटात तपकिरी, शिळा माल पाठवला." "चिप्स समजून मागवले, हे तर मऊ आहे." पाकिटं परत येऊ लागली, आणि परत आलेला खाण्याचा माल पुन्हा विकता येत नाही. भरीत भर, पाकीट २०० ग्रॅमचं आणि साइटवर वजन लिहिलेलं २५०. ज्यांनी मागवलं होतं त्यांना फरकाचे पैसे परत दिले.

चुका सुधारायला मूळ फाइल मागितली, तर त्याचे वेगळे पैसे पडतील म्हणाले. साइटवरचं खातंही त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. शेवटी ते बंद करून नवीन खातं काढावं लागलं.

या सगळ्यात एका ताईंनी मला विचारलं, "माझा माल खराब होता का गं?" पैशापेक्षा ते जास्त लागलं. नाही ताई, माल चांगलाच होता. आम्ही लोकांना त्याची ओळख चुकीची करून दिली.

*तुम्ही हे लक्षात ठेवा*

तुमच्यातले बरेच जण आता स्वतः आंबा, लोणचं, मसाला मोबाइलवरून विकतात. उद्या तुमच्याकडेही कुणी "फोटो-लेबल करून देतो" म्हणत येईल. तेव्हा:

१) *आधी कागद.* किती फोटो, किती दिवसांत, किती वेळा दुरुस्ती, मूळ फाइल कोणाकडे राहणार, हे सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या.

२) *हक्क लिहून घ्या.* पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं धरून चालू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो.

३) *खातं आपल्याच मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर उघडा.* पासवर्ड दुसऱ्याच्या हातात ठेवू नका.

४) *मालाची ओळख आपण लिहून द्यायची.* रंग, चव, मऊ की कडक, किती दिवस टिकतो, कसा खायचा. करणाऱ्या माणसाने सांगावं, एजन्सीने फक्त नीट मांडावं.

५) *माहितीची जबाबदारी विकणाऱ्याचीच.* १ जानेवारी २०१८ पासून पाकीटबंद माल ऑनलाइन विकताना निव्वळ वजन, एमआरपी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क साइटवर दाखवणं बंधनकारक आहे. वजन चुकलं तर "एजन्सीने टाकलं" हे कारण चालत नाही. खाण्याच्या मालाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर आणि शाकाहारी मालाला हिरवी खूण लागते.

६) *पैसे टप्प्याने द्या.* शेवटचा टप्पा फाइली आणि पासवर्ड हातात आल्यावरच.

*फोटो घरीही चांगला निघतो*

नवीन फोटो आपण पॅकिंगच्या खोलीतच काढले. सकाळचा उजेड, खिडकीजवळ टेबल, खाली आणि मागे पांढरा कार्डशीट, उजेडाच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा, म्हणजे सावली कमी पडते. ट्यूबलाइट बंद, फिल्टर नाही. एक फोटो पाकिटाचा, एक पान उघडून, एक सुकेळं मधून तोडून, एक हातावर ठेवून, म्हणजे आकार कळतो. मुख्य फोटोवर अक्षरं नाहीत. अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवर मुख्य फोटोला पांढरी पार्श्वभूमी लागते आणि मालाने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग भरावा लागतो.

आता माहितीत सरळ लिहिलंय: "रंग तपकिरी, मऊ, चावून खायचं." त्यानंतर रंगावरून तक्रार आलेली नाही.

*पुढे काय*

यापुढे कुठलाही माल ऑनलाइन टाकण्याआधी त्याचे फोटो आणि मजकूर या यादीवर येईल. तो माल करणाऱ्या दोन सभासदांनी मोठ्या स्क्रीनवर बघून "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जाणार नाही. वाडीत उभं राहून "ओके" पाठवणं बंद.

एजन्सीला दिलेल्या पैशांचा हिशोब ऑफिसात फाइलला लावून ठेवलाय. ज्यांना बघायचा असेल त्यांनी बिनधास्त या. आणि येताना तुमच्या मालाचं एखादं पाकीट आणा, फोटो तिथेच काढून देते.

तुमची कृषी सल्लागार