मुळशीपासून दोन टक्क्यांपर्यंत

वीज कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) इतिहास बहुधा १ एप्रिल २०१४ पासून सांगितला जातो. त्या दिवशी कंपनी कायद्याचे कलम १३५ लागू झाले आणि मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी ठेवावी लागली. महाराष्ट्रापुरती तरी ही सुरुवात मला पटत नाही. आपल्याकडे कंपनी बाधित लोकांचे काय देणे लागते, हा प्रश्न मुळशीच्या मावळ्यांनी त्याच्या कितीतरी आधी विचारला होता.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी शेतकरी टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. खोपोलीचे वीजघर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवत होते. आता मुळा नदी अडवून तिचे पाणी सह्याद्रीखाली, कोकणात भिऱ्याला उतरवायचे होते आणि त्यासाठी भाताची खाचरे बुडणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा तिथलीच. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले तेही याच लढ्यात. सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्यात मोबदला होता, पुनर्वसन नव्हते. लढा मोडला आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

पुढे १९७० च्या दशकात टाटांच्याच वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला महासीर माशाची पैदास सुरू केली. कोणत्याही कलमाची सक्ती नसताना हे काम दशकानुदशके चालले, याचे मोल मोठे आहे. नदीतल्या माशाची काळजी घेणारी ही चिकाटी नदीकाठच्या माणसांच्या वाट्याला मात्र फार उशिरा आली, तीही कायद्याच्या रूपाने.

२०१३ साली संसदेने दोन कायदे केले. पहिल्या, कंपनी कायद्यातल्या दोन टक्क्यांची चर्चा खूप झाली. दुसऱ्या, नव्या भूसंपादन कायद्याची तुलनेने कमी. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी आणि पुनर्वसनही हवे, असे तो सांगतो. जबाबदारीची खरी सुरुवात मला इथे दिसते, कारण ती नफ्यावर अवलंबून नाही.

सीएसआरच्या २०२१ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: इतर कायद्यांनी बंधनकारक असलेली कामे सीएसआरच्या खर्चात दाखवता येत नाहीत. म्हणजे पुनर्वसन हे देणे आणि शाळा-दवाखाना ही मदत, असे दोन हिशेब वेगळे झाले. कलम १३५ स्थानिक परिसराला प्राधान्य द्यायला सांगते. जलविद्युत कंपनीने हा परिसर ठरवताना जलाशयाच्या काठची गावे धरावीतच, आणि तिथून उठून गेलेल्यांच्या वस्त्याही धराव्यात.