३५ की ५०? आधी अंतर ठरवा!

कुठल्याही फोटोवॉकला जा, चहाच्या टपरीवर हा वाद रंगतोच. ‘स्ट्रीटसाठी ३५ घेऊ की ५०?’ एक जण म्हणतो, ३५शिवाय स्ट्रीट नाहीच. दुसरा लगेच हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं नाव काढतो. तुम्ही मध्ये बसून मनातल्या मनात बजेटचा हिशोब करत असता.

आता गंमत बघा. कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५० एमएमवर केलं हे खरंय. पण न्यूयॉर्कचा गॅरी विनोग्रँड २८ घेऊन गर्दीत घुसायचा. त्याच शहरात सॉल लायटरने टेलिफोटो लेन्स वापरून, ओल्या-धुरकट काचांमधून रस्ता टिपला. तिघंही दिग्गज. म्हणजे जादू आकड्यात नाही. मग लेन्स बदलली की नेमकं बदलतं काय? समोरच्या माणसापासून तुम्ही किती लांब उभे राहता, ते.

किती फुटांवरून?

फुल फ्रेम कॅमेरा आडवा धरलाय आणि उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवाय, वर-खाली थोडी जागा ठेवून. २८ एमएमला तुम्हाला साधारण ७-८ फुटांवर उभं राहावं लागेल. ३५ला ९-१०, ५०ला १४ आणि ८५ला तब्बल २३ फूट.

या अंतराने फोटोचा स्वभावच बदलतो. पुण्यात महात्मा फुले मंडईत भाजीवाल्या मावशींचा फोटो काढताय असं समजा. २८ लावून जवळ गेलात तर त्यांचा हात आणि तराजू मोठे दिसतील आणि मागची मंडईची इमारत लांब, छोटी वाटेल. बघणाऱ्याला आपणच तिथे उभे आहोत असं वाटेल. ८५ लावून लांबून काढलात तर मावशी फ्रेममध्ये तेवढ्याच राहतील, पण इमारत त्यांच्या पाठीला चिकटल्यासारखी दिसेल. फोटो देखणा येईल, पण बघणारा रस्त्याच्या पलीकडेच राहील.

क्रॉपचा घोळ

इथे खिशाचा प्रश्न येतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो आणि स्वस्त म्हणून पहिली लेन्स घेतली जाते ती ५० एमएम. पण निकॉन, सोनी, फुजीच्या क्रॉप कॅमेऱ्यात लेन्सच्या आकड्याला दीडने गुणायचं, कॅननला १.६ने. म्हणजे तुमची ५० प्रत्यक्षात ७५-८०सारखी वागते. आता ती घेऊन तुळशीबागेत जा. अख्खा माणूस फ्रेममध्ये घ्यायला २० फूट मागे जावं लागेल आणि त्या गल्लीत २० फूट मोकळे मिळणं अवघडच. मध्ये चार पिशव्या आणि सहा खांदे येणारच. क्रॉपवर ३५चा फील हवा असेल तर २३-२४ एमएम बघा, ५०चा हवा असेल तर ३५.

मोबाइलवाल्यांनो, तुमचा मेन कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमचा असतो, म्हणजे चांगलाच वाइड. लांबून काढलं की माणूस मुंगीएवढा का येतो, ते आता कळलं?

वाइड लेन्सचा आणखी एक फायदा म्हणजे फोकस. फुल फ्रेमवर २८ एमएमला एफ ८ ठेवून सव्वातीन मीटरवर फोकस लॉक केलात, तर साधारण १.६ मीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं. ५०ला त्याच एफ ८वर ३ मीटरला फोकस केलात, तर साधारण २.३ ते ४.२ मीटर एवढाच पट्टा हाताशी राहतो. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर ढोल अंगावर येत असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

लपायचंय की भेटायचंय?

आणि आता खरा मुद्दा. ‘लोक कॅमेऱ्याकडे बघतात, ऑकवर्ड होतं’ म्हणून बरेच जण थेट मोठी झूम लेन्स घेतात. पण २०० एमएमने रस्त्यापलीकडून चेहरा टिपला, तर त्या माणसाला ‘नको’ म्हणायची संधीच मिळत नाही. आठ फुटांवर ती मिळते. मावशी विचारतात, ‘फोटो कशाला पायजे रे?’ मग उत्तर द्यावं लागतं, स्क्रीन दाखवावी लागते, डिलीट कर म्हणाल्या तर करावा लागतो. हे थोडं जड जातं, पण रस्त्यावरची माणसं आपल्या फीडसाठी मांडून ठेवलेली नाहीत, हे त्यातूनच कळतं. फुटपाथवर झोपलेला माणूस किंवा उघड्यावर अंघोळ करणारं पोर लांबून ‘मिळतं’, म्हणून ते टिपायलाच हवं असं नाही.

याचा अर्थ लांब लेन्स वाईट असा नाही. लायटरच्या कितीतरी फोटोंत माणूस म्हणजे फक्त एक छत्री, एक आकृती. आणि एकट्या फिरणाऱ्या मुलीला अनोळखी माणसाच्या आठ फुटांवर जाणं सेफ वाटत नसेल, तर ५०चे चौदा फूट हा अगदी योग्य चॉइस आहे. फक्त आपण लांब का उभे आहोत, हे स्वतःला माहीत हवं.

खरेदीआधी हे करा

नवी लेन्स घेण्याआधी कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ काढा. झूम रिंगला चिकटपट्टी लावा. एका रविवारी १८वर, दुसऱ्या रविवारी २४वर, तिसऱ्या रविवारी ३५वर. रस्ता तोच, वेळ तीच. क्रॉप कॅमेऱ्यावर हे जवळजवळ २८, ३५ आणि ५० झाले. खर्च चिकटपट्टीचा फक्त!

मग आवडलेले फोटो निवडा आणि त्यांच्या इन्फोमध्ये फोकल लेंथ बघा. कुठला आकडा सारखा येतोय? त्या दिवशी तुम्ही लोकांपासून किती लांब होता, कोणाशी बोललात? तेही आठवा. ज्या अंतरावर तुम्ही अवघडला नाहीत आणि समोरचाही अवघडला नाही, ती तुमची लेन्स. मग टपरीवरच्या वादात कोणीही जिंकू दे!