शस्त्रावांचून शस्त्रक्रिया

अंगांत गांठ झाली आहे असें डॉक्टरांनीं सांगतांच साऱ्या घराचा धीर सुटतो; आणि तींतच 'यंत्राच्या हातानें किरणांची शस्त्रक्रिया करावयाची' असें कानीं पडलें म्हणजे भीतीला पारावार राहत नाहीं. नांदेड-लातूरकडे किरणोपचारास कित्येक जण 'शेक देणें' किंवा 'लाईट देणें' म्हणतात, व त्यानें अंग भाजून निघतें अशी त्यांची समजूत असते. अज्ञानांतून भय उपजतें, भयांतून विलंब होतो, आणि या रोगांत विलंबासारखा दुसरा वैरी नाहीं. म्हणून हा उपचार काय आहे व रोग्यानें त्यापासून कशाची अपेक्षा करावी, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

क्ष-किरणांचा शोध जर्मनींत रंटजेन यांस १८९५ सालीं लागला. पुढें १९५१ सालीं स्वीडनमधील मेंदूचे शस्त्रवैद्य लार्स लेक्सेल यांनीं कवटी न उघडतां अनेक बाजूंनीं किरण सोडून आंतील विकृत भाग नष्ट करण्याची कल्पना मांडिली. त्यांच्या हाताखालीं कांहीं काळ शिकलेले अमेरिकन डॉक्टर जॉन ॲडलर यांनीं ती कल्पना यंत्रबाहूशीं जोडिली, व १९९४ सालीं स्टॅनफर्ड येथें अशा यंत्रानें पहिल्या रोग्यावर उपचार झाले. या यंत्रास 'सायबरनाइफ' म्हणतात. नाइफ म्हणजे सुरी खरी; परंतु येथें सुरी नाहीं, जखम नाहीं व रक्ताचा थेंबही नाहीं.

यांतील तत्त्व आपल्याकडील दृष्टांतानें सहज कळेल. माळेगांवच्या यात्रेस चहूंकडच्या पाऊलवाटांनीं लोक येतात. एकेका वाटेवर माणसें थोडीं, म्हणून कडेचें पीक तुडविलें जात नाहीं. पण यात्रेच्या मैदानांत मात्र पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. तसेंच येथें आहे. एकेक किरणशलाका दुर्बळ असल्यामुळें वाटेंतील निरोगी भागास इजा थोडी होते. परंतु शेंकडों शलाका जेथें मिळतात त्या गांठींतील पेशींची वाढीची शक्ति खुंटते.

आतां रोग्याचा अनुभव पाहूं. प्रथम सीटी व एमआरआय चित्रें घेतात. गांठ डोक्यांत असल्यास चेहऱ्याच्या मापाची जाळीदार मुखपट्टी करितात. फुप्फुस, यकृत किंवा प्रोस्टेट ग्रंथि यांत गांठ असेल, तर खूण म्हणून कधीं कधीं सोन्याचे बारीक कण सुईनें आंत बसवितात. मग डॉक्टर व पदार्थविज्ञानवेत्ते मिळून किरणांची आंखणी करितात. यास कांहीं दिवस लागतात. हा काळ फुकट जात नाहीं, हें नातलगांनीं ध्यानांत ठेवावें.

उपचाराच्या दिवशीं रोगी मेजावर निजतो. भूल बहुधा द्यावी लागत नाहीं. यंत्राचा बाहू त्याच्याभोंवतीं हळूहळू फिरतो, पण अंगास स्पर्श करीत नाहीं. वरचेवर क्ष-किरणचित्रें घेऊन यंत्र गांठीची जागा तपासतें, व श्वासाबरोबर ती हालली तर आपला नेम बदलतें. खोलींत दुसरें कोणी नसलें तरी बाहेरून रोग्यावर सतत नजर असते. अर्धा ते दीड तास जातो. वेदना होत नाहींत. साध्या किरणोपचारास कित्येक आठवडे जावें लागतें. येथें बहुधा एक ते पांच बैठका पुरतात. रोगी त्याच दिवशीं घरीं जातो, व त्याच्या अंगांत किरण राहत नसल्यामुळें लेंकरांस जवळ घेण्यास हरकत नसते.

परंतु गांठ दुसऱ्याच दिवशीं नाहींशी होईल, अशी आशा धरूं नये. ती आकसण्यास महिने, कधीं वर्षेंही लागतात. कित्येकदां तिची वाढ थांबणें हेंच यश असतें. थकवा, डोकेदुखी, मळमळ किंवा सूज येऊं शकते; म्हणून पुढील तपासण्या चुकवूं नयेत. शिवाय हा उपचार लहान व स्पष्ट सीमेच्या गांठींसच शोभतो. फार मोठी गांठ, सर्वांगांत पसरलेला रोग किंवा रक्ताचा कर्करोग यांस इतर उपाय योजावे लागतात.

अशीं यंत्रें मोठ्या शहरांतील मोजक्याच रुग्णालयांत आहेत, व खर्चही मोठा असतो. म्हणून नांव ऐकून शेत विकावयास निघण्यापूर्वीं नांदेड किंवा लातूर येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, छत्रपति संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयांत, अथवा १९४१ सालीं मुंबईस उघडलेल्या टाटा रुग्णालयांत सल्ला घ्यावा. 'मला याची खरोखर गरज आहे काय? साध्या किरणोपचारानें किंवा शस्त्रक्रियेनें तोच गुण येईल काय? सरकारी योजनेंतून मदत मिळेल काय?' हे प्रश्न विचारण्यास संकोच कसला? कर्करोग्यास उपचारासाठीं जातां-येतां रेल्वेभाड्यांत सवलत मिळते, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें.

विद्यार्थिमित्रहो, घरांतील वडील माणसें दुखणें अंगावर काढतात, आणि रुग्णालयाचे कागद वाचून दाखविण्याचें काम बहुधा तुम्हांकडेच येतें. तें नीट वाचा, न समजे तें विचारा, आणि आजोबांस किंवा आईस धीर देऊन वेळेवर डॉक्टरांकडे न्या. यंत्र कितीही कुशल असलें तरी रोग्यास त्याच्या दारापर्यंत वेळींच नेणारा हात माणसाचाच असतो.