विश्लेषण : कागदावर २८, रस्त्यावर १६! छोट्या डिझेल गाडीचे मायलेज नेमके जाते कुठे?

कंपनीच्या माहितीपत्रकात लिटरला २८ किलोमीटर, शोरूममधला विक्रेता म्हणतो २२ आणि रोजच्या वापरात हाती पडतात १६. छोटी डिझेल गाडी असलेल्या अनेकांची ही तक्रार असते. नव्या गाड्यांच्या बाजारातून छोटे डिझेल इंजिन जवळपास हद्दपार झाले असले, तरी राज्यातल्या रस्त्यांवर अशा गाड्या अजून मोठ्या संख्येने धावत आहेत आणि सेकंडहँड बाजारात त्यांना मागणीही आहे. आकड्यांमधला हा फरक का पडतो, तो किती भरून काढता येतो आणि ‘अ‍ॅव्हरेज वाढवण्याच्या’ कोणत्या युक्त्या महागात पडू शकतात, हे समजून घेऊ.

छोटी डिझेल गाडी घराघरांत कशी पोहोचली?

टाटा मोटर्सने १९९८मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून ‘इंडिका’ आणली आणि डिझेलवर चालणारी छोटी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुढे फियाटचे १.३ लिटरचे ‘मल्टिजेट’ इंजिन आले. मारुती स्विफ्ट, डिझायर, फियाट पुंटो, टाटा व्हिस्टा अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत हेच इंजिन असल्याने त्याला गमतीने ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हटले जाई. पुण्याजवळच्या रांजणगावात त्याचे उत्पादन होत असे.

त्या काळात डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि दरातली दरी कमी होत गेली. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस ६ मानके लागू झाली. छोट्या डिझेल इंजिनाला या मानकांत बसवण्याचा खर्च परवडणारा नसल्याने मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजेच आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतांश छोट्या डिझेल गाड्या बीएस ४ किंवा त्याआधीच्या आहेत. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांचे गणित थोडे वेगळे आहे. ते पुढे पाहू.

डिझेल इंजिन जास्त अ‍ॅव्हरेज का देते?

एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा असते. बाकीचा फायदा इंजिनाच्या रचनेतून मिळतो. डिझेल इंजिन हवा खूप जास्त दाबते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. शिवाय पेट्रोल इंजिनात कमी वेगात हवेची वाट झडपेने अडवावी लागते, तसे डिझेल इंजिनात फारसे करावे लागत नाही. त्यामुळे अर्ध्या-मुर्ध्या ताकदीवर चालतानाही ते इंधन कमी वाया घालवते.

या इंजिनाची ताकद खालच्या आरपीएमला मिळते. स्विफ्टमधल्या १.३ लिटर इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे १९० न्यूटन मीटर, २,००० आरपीएमलाच मिळत असे. त्यामुळे सपाट रस्त्यावर १,५०० ते २,२०० आरपीएमच्या दरम्यान गिअर बदलत राहणे फायद्याचे ठरते. मात्र वरच्या गिअरमध्ये गाडी घरघरत, धक्के देत चालवणे म्हणजे बचत नव्हे. टर्बो जागा होण्याआधी इंजिनावर भार पडला की चालक आपोआप अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो, धूर वाढतो आणि डिझेलही जास्त जाते.

मग २८चा आकडा येतो कुठून?

गाडीचे प्रमाणित मायलेज रस्त्यावर नाही, तर प्रयोगशाळेत रोलरवर मोजले जाते. देशात अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्यातली ‘एआरएआय’ प्रमुख आहे. सुमारे २० मिनिटांच्या ठरलेल्या चक्रात गाडी थांबवणे, वेग घेणे आणि काही काळ वेगात चालवणे असे टप्पे असतात. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. खड्डे नाहीत, घाट नाही, मागे पाच जण आणि डिकीत सामान नाही, एसीही बंद.

त्यामुळे डिझायर डिझेलचा लिटरला २८.४० किलोमीटर हा आकडा खोटा नव्हता, पण तो दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी होता. आपल्या रोजच्या रस्त्यावर तोच मिळेल, असे आश्वासन त्यात नाही.

शहरात डिझेल मुरते कुठे?

सर्वांत जास्त ब्रेकमध्ये. चालकासह १,१०० किलो वजनाची गाडी ताशी ६०च्या वेगात असते, तेव्हा तिच्यात साधारण १५३ किलोज्युल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन उडून जाते. इंजिनाची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर पुन्हा तेवढा वेग घ्यायला सुमारे १४ मिलिलीटर डिझेल लागते. ऐकायला किरकोळ वाटते, पण असे ३५ वेळा झाले की अर्धा लिटर संपला.

म्हणूनच पुढचा सिग्नल लाल दिसत असताना तिथपर्यंत जोरात जाऊन कचकन ब्रेक मारण्यापेक्षा लांबूनच अ‍ॅक्सिलरेटर सोडणे हा मायलेज वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढच्या गाडीपासून थोडे जास्त अंतर ठेवले की हे आपोआप जमते.

दुसरी गळती म्हणजे उभ्या गाडीत चालू असलेले इंजिन. छोटे डिझेल इंजिन जागेवर चालू राहिले, तर तासाला साधारण अर्धा लिटर डिझेल पिते. एसी सुरू असेल तर त्याहून जास्त. रोज २० मिनिटे सिग्नल, फाटक आणि शाळेच्या गेटबाहेर गेली, तर महिन्याच्या २५ दिवसांत चार लिटर जागच्या जागी संपते. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल, तर इंजिन बंद केलेले बरे. फक्त हायवेवर जोरात चालवून आल्यावर किंवा घाट चढून आल्यावर टर्बो तापलेला असतो. अशा वेळी मिनिटभर इंजिन चालू ठेवून मगच बंद करावे.

हायवेवर कोणता वेग परवडतो?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८०वरून १००वर गेल्यास हा विरोध ५६ टक्के वाढतो. टायरचे घर्षण धरून एकूण प्रतिकार ढोबळमानाने एक तृतीयांशाने वाढतो आणि त्याचा परिणाम डिझेलच्या काट्यावर लगेच दिसतो. उलट, ६० किलोमीटरच्या सपाट पट्ट्यात १००ऐवजी ८०ने गेल्यास वेळ जातो फक्त नऊ मिनिटे जास्त.

हाच नियम टपावरच्या कॅरियरला लागू होतो. सामान नसतानाही तो हवा अडवत राहतो, त्यामुळे काम झाले की काढून ठेवावा. एसीचा प्रश्नही इथेच सुटतो. शहरात कमी वेगात काचा उघड्या ठेवणे परवडते. हायवेवर मात्र काचा बंद करून माफक एसी लावणे योग्य.

घाटात गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचते?

नाही. उलट जास्त जाते आणि जिवावर बेतू शकते. खंबाटकी असो वा आंबोली, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना जुन्या काळापासून आहे. पण संगणक नियंत्रित डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधनाची फवारणी थांबते. चाकेच इंजिनाला फिरवत राहतात आणि तेवढ्या वेळात डिझेलचा खर्च शून्य असतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुरवत राहावे लागते.

शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडू शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ड्रायव्हर मंडळींचा जुना नियम इंधनाच्या हिशेबातही बरोबर ठरतो.

बीएस ६ गाड्यांचे गणित वेगळे का?

या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर ‘डीपीएफ’ नावाचा काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी त्याचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते. गाडी हायवेवर असेल तर हे काम चालकाच्या नकळत उरकते. पण रोजचा वापर घर ते स्टेशन असा तीन-चार किलोमीटरचाच असेल, तर प्रक्रिया अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. मायलेज घसरते, जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि शेवटी फिल्टर तुंबतो.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला, तर दुर्लक्ष करू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर सलग चालवल्यास बहुतेक वेळा दिवा जातो. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला काही गॅरेजमध्ये दिला जातो. तो घातक आहे. त्यामुळे गाडी बीएस ६ मानकांत राहत नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मनाई आहे. ऑइलही डीपीएफसाठीचे, कमी राख सोडणारेच वापरावे.

देखभालीत काय पाहायचे?

टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावी. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर वेळेवर बदलावेत. डिझेल फिल्टरमध्ये साठणारे पाणी सर्व्हिसिंगच्या वेळी काढायला सांगावे. मायलेज अचानक घसरले, तर ब्रेक चिकटून राहत नाहीत ना, हे आधी पाहावे. थोडे चालवून थांबल्यावर एखाद्या चाकाची डिस्क इतरांपेक्षा जास्त तापलेली जाणवली, तर दोष तिथे असतो. पंपावर माप कमी असल्याची शंका आल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

खरे मायलेज कसे मोजायचे?

डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज देतो. खात्रीसाठी ‘टाकी ते टाकी’ पद्धत वापरावी. पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्य करावा. टाकी बरीच रिकामी झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच भरावी. समजा ६१२ किलोमीटर झाले आणि ३४ लिटर डिझेल बसले, तर मायलेज १८. एकदा मोजून निष्कर्ष काढू नये. सलग तीन टाक्यांची सरासरी घ्यावी.

वर्षाकाठी वाचतात किती?

वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १६ऐवजी १८ किलोमीटर देऊ लागली, तर सुमारे ८३ लिटर डिझेल वाचते. लिटरला ९० रुपये धरले, तर साडेसात हजार रुपये. यासाठी कोणतेही यंत्र किंवा टाकीत ओतायचे ‘जादुई’ रसायन लागत नाही. मात्र रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर बीएस ६ डिझेल गाडी घेण्याआधी दोनदा विचार करावा. तुंबलेला डीपीएफ बदलण्याचा खर्च अशा कित्येक वर्षांची बचत एका दिवसात संपवू शकतो.