ओव्याचे तेल आणि करडांचे पट्टकृमी



पावसाळा सरता सरता महाड-पोलादपूरच्या कोणत्याही वाडीत गेलो की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, करडाच्या लेंडीत भाताच्या शितासारखं पांढरं पडतंय. ओव्याचं तेल पाजू का?" अलीकडे त्यात भर पडली आहे. मुंबईला असलेला मुलगा मोबाईलवर काहीतरी पाठवतो, त्यात लिहिलेले असते की वनस्पतींच्या तेलाने जंत मरतात, परदेशात सिद्ध झाले आहे. हे सगळे खोटे नाही, तसेच ते सगळे आपल्या गोठ्यात चालण्यासारखेही नाही. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा घाईने दिले होते. त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

माझी चूक

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. पोलादपूरकडच्या डोंगरातील एका वाडीत एका मावशींकडे चार शेळ्या आणि पाच करडे होती. घरधनी मुंबईला, शेती वरकस, नाचणी-वरीची. दिवाळीनंतर दोन बोकड विकायचे आणि मुलाच्या शाळेचा खर्च भागवायचा, असा त्यांचा हिशेब. दोन करडे खंगली होती, लेंडीत पांढरे तुकडे दिसत होते. पशुवैद्यकीय दवाखाना लांब, वाट चिखलाची. मावशींनी विचारले, "ओव्याच्या तेलाची बाटली आणली आहे, पाजू का?" मी कृषी पदवीधर. ओवा कृमिनाशक आहे हे पुस्तकात वाचलेले. म्हणालो, "पाजा की, काही होत नाही."

तिसऱ्या दिवशी त्यांतले एक करडू मेले. पशुवैद्यकांनी ते उघडून दाखवले. पाजताना तेल श्वासनळीतून फुप्फुसात उतरले होते. आणि दुसरी गोष्ट अशी की चौथ्या पोटात दोऱ्यासारखे बारीक, लालसर जंत वळवळत होते. करडू खंगले होते ते मुख्यतः या रक्त पिणाऱ्या गोलकृमींमुळे. आम्ही मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या पांढऱ्या तुकड्यांच्या मागे लागलो होतो. मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून पाजलं." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

तेलात गुण आहे का?

आहे, आणि तो नाकारणे बरोबर नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते. परसदारी असलेल्या पानओव्यात थायमॉल आणि त्याचाच भाऊ म्हणावा असे कार्व्हाक्रॉल सापडते. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या देशातून ओवा जहाजाने जर्मनीला जाई व तेथे त्यातून थायमॉल काढीत. अमेरिकेत 1909 मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली. तिचे मुख्य औषध थायमॉल हेच होते. परंतु रोग्याला त्या दिवशी तेल, तूप व दारू घेऊ नये अशी ताकीद असे. कारण स्निग्ध पदार्थाबरोबर थायमॉल अंगात जास्त भिनते आणि विषबाधा होते. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि थायमॉल मागे पडले.

अलीकडचे संशोधन पट्टकृमींवर आहे. कुत्र्याच्या एका लहान पट्टकृमीमुळे शेळ्या-मेंढ्यांच्या व माणसांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. अर्जेंटिनातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले की या गाठीतील कृमीची पिल्ले थायमॉलने मरतात. इराणमध्येही ओव्यासारख्या वासाच्या वनस्पतींच्या तेलावर असेच प्रयोग झाले आहेत. पण हे प्रयोग मुख्यतः काचेच्या भांड्यात झालेले आहेत, ही गोष्ट मोबाईलवरच्या मजकुरात राहून जाते.

काचेचे भांडे आणि करडाचे पोट

काचेच्या भांड्यात कृमी तेलात बुडून राहतो. पोटात तसे होत नाही. तेल पोटात गेले की बराचसा भाग वरच्या आतड्यातच रक्तात शोषला जातो आणि यकृत त्याचा निकाल लावते. पट्टकृमी तर लहान आतड्याच्या भिंतीला डोक्याने चिकटून बसलेला. त्याच्यापर्यंत किती पोहोचणार? डोके शिल्लक राहिले तर खालचे शरीर तुटून पडते आणि आपल्याला वाटते गुण आला. पण त्या डोक्यापासून नवे खंड पुन्हा वाढतात.

शेळीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तिच्या कोटीपोटात चारा कुजवून पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. जे तेल कृमीला मारते ते त्यांनाही मारू शकते. मग रवंथ बंद, पोटफुगी, खाणे कमी.

मात्रेचा हिशेबही पाहा. शंभर ग्रॅम ओव्यात साधारण दोन ते चार ग्रॅम तेल असते. म्हणजे पाच मिलिलिटरचा एक चमचा तेल हा सुमारे दीडशे ग्रॅम ओव्याचा अर्क झाला. पोट दुखले तर आपण चिमूटभर ओवा चावतो. चिमूट ओवा आणि चमचाभर तेल यांना एकच वस्तू समजणे हीच खरी चूक आहे. बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी देतात, त्याला माझा विरोध नाही. परंतु निलगिरी, ओवा, लवंग यांचे बाटलीतले तेल लहान मुलाला पाजू नये. निलगिरीच्या तेलाच्या थोड्याशा मात्रेनेही मुलांना झटके येऊ शकतात.

मग करडांचे काय करावे?

प्रथम शत्रू ओळखा. शेळीच्या आतड्यातला पट्टकृमी काही मीटर लांब होतो व त्याचे पिकलेले खंड लेंडीबरोबर पडतात. त्यातील अंडी गवताच्या मुळाशी राहणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोळीवर्गातील किडे खातात. काही महिन्यांनी तो किडा गवताबरोबर करडाच्या पोटात गेला की सुमारे सहा आठवड्यांत नवा कृमी तयार. हे किडे दमट हवेत, पहाटे व संध्याकाळी गवताच्या पात्यावर चढतात. म्हणून आपल्या आगोटीनंतरच्या कुंद हवेत लहान करडे दव सुकल्यावर सोडावीत आणि ऊन कलण्यापूर्वी आत घ्यावीत. शक्य तर त्यांना कोरडा चारा व झाडपाला गोठ्यातच टांगून द्यावा. एकाच बांधावर रोज चारू नये.

दुसरे म्हणजे करडाची खालची पापणी उलटून पाहावी. आतला रंग गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल, जबड्याखाली सूज असेल, तर रक्त पिणाऱ्या गोलकृमींचा संशय घ्यावा व त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. चार लेंड्या कागदात गुंडाळून बरोबर न्याव्यात. तपासणीत कोणते कृमी आहेत ते कळते व औषध नेमके मिळते.

औषध वजनावर ठरते. काट्यावर करडू तोलून घ्यावे, अंदाज करू नये. कमी मात्रेने कृमी मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पट्टकृमीवर फेनबेंडाझोल, अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेल पशुवैद्यक ठरवतात. नुकतीच गाभण राहिलेली शेळी असेल तर तसे आवर्जून सांगावे, कारण त्या काळात अल्बेंडाझोल देऊ नये. आणि कोणतेही औषध पाजताना करडाची मान वर ताणू नये. तोंड पाठीच्या रेषेत ठेवून गालातून सावकाश पाजावे. माझे ते करडू एवढ्याच एका गोष्टीने वाचले असते.

कुत्रा आणि आपली मुले

शेळीचा पट्टकृमी माणसाला होत नाही, तेवढी भीती सोडा. पण कुत्र्याचा होतो. जत्रेला किंवा नवसाला बोकड कापला की गाठ आलेले काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची सवय आपल्याकडे आहे. तेथूनच पाण्याच्या गाठीचे चक्र फिरते. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत. घरच्या कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल द्यावे. कुत्र्याला हाताळलेल्या हाताने मुलांना भरवू नये.

डुकराच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पालेभाजीवर, पाण्यात जातात व पोटातून मेंदूत जाऊन गाठी करतात. त्यामुळे झटके येतात. कधीही मांस न खाणाऱ्यालाही हे होऊ शकते. म्हणून शौचालय, हात धुणे आणि भाजी स्वच्छ पाण्यात धुणे यांना पर्याय नाही. मुलांना 10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी अवश्य द्या, परंतु ती मुख्यतः मातीतून येणाऱ्या गोल जंतांसाठी आहे. शौचात पट्टीचे तुकडे दिसले तर डॉक्टरांकडे जा. घरात कोणाला झटके येत असतील तर तेही सांगा, कारण मेंदूत गाठ असताना ठरावीक औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना विचार करावा लागतो.

उद्या थायमॉलपासून चांगले औषध निघेलही. ओव्याचे शेत करणाऱ्यालाही मग दोन पैसे मिळतील, मला आनंदच होईल. तोवर ओवा स्वयंपाकघरात राहू द्या. करडू मात्र आधी काट्यावर, मग दवाखान्यात न्या. त्या मावशींच्या वाडीत आता रस्ता झाला आहे. तेथे गेलो की करडांच्या पापण्या मी स्वतः उलटून पाहतो. तुम्हीही आजच संध्याकाळी, करडे गोठ्यात बांधण्यापूर्वी, पाहा.