एकाच आगीचे दोन किनारे

भाद्रपदात कोकणात घरोघर गणपती येतात, तेव्हा ते हिंदी महासागरापलीकडे मॉरिशसमध्येही येतात. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. मूर्तीपुढे बसणाऱ्या मराठी घरांपैकी अनेकांचे पूर्वज जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले. रत्नागिरीकराने या देशाकडे सहलीच्या जाहिरातीपलीकडे जाऊन पाहावे, असे मला मनापासून वाटते.

नाते माणसांच्याही आधीचे आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा कातळ ओतला, त्यानेच फार नंतर, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर काढले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे त्या कातळाचा जांभा झाला. तिकडे बेटाभोवती प्रवाळाचे कडे उभे राहिले. लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. सर्वांत उंच शिखर 828 मीटरचे. रॉड्रिग्ज आणि इतर बेटे धरून देशाचे क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास.

डच आले, मग फ्रेंच, आणि 1810 मध्ये इंग्रज. गुलामगिरी संपवताना उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कराराने बांधलेले भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे 1920 पर्यंत साडेचार लाखांहून अधिक आले. मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली. हे मजूर जिथे उतरत, तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या दगडी पायऱ्या चढताना किती जणांनी मागे वळून समुद्राकडे पाहिले असेल!

12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा जवळजवळ सगळी निर्यात साखरेची होती. एका वादळात वर्षाची कमाई जात असे. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी 1961 मध्ये या बेटाचे भवितव्य बिकट असल्याचे लिहिले होते. ते भाकीत खोटे ठरले, कारण बेट उसाला चिकटून बसले नाही. 1970 मध्ये निर्यातीसाठी खास सवलती दिल्या, कापडाचे कारखाने निघाले. मग पर्यटन आणि वित्तसेवा वाढल्या. उसाच्या चिपाडापासून आता वीजही होते.

पर्यटनाचा पसारा मोठा आहे. वर्षाला 13 लाखांहून अधिक पाहुणे येतात, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. ते किनाऱ्यासाठी येतात, तसे ल मॉर्नचा डोंगर पाहायलाही येतात. पळून गेलेल्या गुलामांनी त्याच्या कड्याकपारींत आसरा घेतला होता. गंगा तलावावर महाशिवरात्रीला लाखो भाविक पायी येतात. मराठी मंडळी आपली झाकरी नाचतात. कोकणातल्या जाखडीचेच ते रूप. शाळांत मराठी शिकवली जाते. घरात क्रिओल बोलणाऱ्या मुलाने आरती मराठीत म्हणावी, हे मला कोणत्याही निळ्या पाण्याहून सुंदर वाटते.

पण पाहुण्यांना खेचणारा समुद्र नाजूक आहे. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज प्रवाळावर रुतले आणि पुढे तेल पाण्यात पसरले. लोकांनी उसाचा वाळका पाला पिशव्यांत भरून तरंगते बांध घातले. ज्या उसाने पणजोबांची पाठ वाकवली, त्याच्याच पाल्याने पणतवंडे समुद्र वाचवू पाहत होती.

रत्नागिरी जिल्ह्याला 167 किलोमीटरचा किनारा आहे, गणपतीपुळे, गुहागर, हर्णै आहे, हापूस आहे. पण अवकाळी पावसाने मोहोर गळाला की बागायतदाराचे वर्ष बुडते, जसे कधी वादळाने त्या बेटाचे बुडत असे. पोट एकाच झाडावर टांगू नये आणि पाहुण्यांसाठी समुद्र गहाण टाकू नये. इथूनच उपाशी गेलेल्यांच्या नातवंडांनी यातली पहिली गोष्ट करून दाखवली आहे, दुसरीसाठी ती झगडत आहेत. आपण दोन्ही त्यांच्याकडून शिकूया.