गोष्टीत राहायला जायचं आहे?

वाचणाऱ्या माणसाचा एक जुना हट्ट असतो. पुस्तक संपतं आणि त्याला वाटतं, आपण या गोष्टीतच जन्माला यायला हवं होतं! आज आपण या हट्टाकडे जरा नीट बघू.

जुन्नरला शिवनेरी चढणाऱ्या कितीतरी जणांनी रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’ वाचलेली असते. सात दरवाजे ओलांडून ते जन्मस्थानाच्या वास्तूपाशी येतात आणि म्हणतात, “तेव्हा असायला हवं होतं!” तरुणपणी आम्हीही हेच म्हणत होतो.

आता ‘तेव्हा’ म्हणजे केव्हा? १९ फेब्रुवारी १६३०. त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ सुरू झाला आणि तो १६३२ पर्यंत टिकला. गावं ओस पडली. आपण तेव्हा असतो, तर कोण असतो? वाचताना आपण थेट राजांच्या शेजारी उभे राहतो. अन्नाला महाग झालेल्या कुणब्याच्या जागी काही आपण स्वतःला ठेवत नाही. आणि गडावर पाळण्यात असलेलं मूल पुढे काय करणार, हे त्या कुणब्याला कुठे ठाऊक होतं? आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे बघा, आपल्याला तो काळ नको असतो. शेवट माहीत असलेला काळ हवा असतो.

सर्व्हान्तेसचा डॉन किहोते १६०५ साली, म्हणजे शिवजन्माच्या २५ वर्षं आधी, वाचकांसमोर आला. शौर्यकथा वाचून वाचून तो खरंच घोड्यावर बसला आणि पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर धावून गेला. आपल्याकडे भट्टनायकाने ‘साधारणीकरण’ सांगितलं: काव्यातला भाव माझा किंवा तुझा राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. स्वतःच्या सुखदुःखात अडकून पडणं हे तर अभिनवगुप्ताने रसातलं विघ्नच मानलं. म्हणजे गोष्टीत राहायला गेलो, की गोष्ट संपली. उरतं ते जगणं.

मग ही ओढ खोटी का? तसं नाही. शेजारच्या तालुक्यात चला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. अशा बुडालेल्या गावाची गोष्ट आजोबा सांगतात, तेव्हा नातवाला तिथे राहावंसं वाटतं. आजोबांनाही वाटतं. पण नातवाला गोष्ट हवी असते. आजोबांना तिथला चिखल, भावकीची भांडणं, डोक्यावरच्या पाण्याच्या खेपा, सगळंच परत हवं असतं. तिथले कष्टही ज्याला हवेसे वाटतात, त्याची ओढ खरी.

आपल्या आवडत्या पुस्तकाला ही कसोटी लावून पाहावी. त्या काळात जाता येणार नाही. पण त्यातल्या माणसांना शेवट ठाऊक नव्हता, तरी ती आपलं काम करत राहिली. आपल्यालाही आपल्या काळाचा शेवट ठाऊक नाही. तेवढ्यापुरते आपण त्यांच्या गोष्टीत आहोतच की!